रिपोर्ट चांगला आहे, पण

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माप देता देता हमखास विचारतात, "तू चेहऱ्याला काय लावतेस गं? किती उजळलीस!" जुन्या गिऱ्हाइकांना कारण माहीत आहे. नव्यांना मी सरळ सांगते. मी काही लावत नाही. मला रक्ताचा कॅन्सर आहे, त्यावरची गोळी रोज घेते, आणि त्या गोळीने माझा रंग गेलाय. मग समोरची बाई एकदम गप्प होते. काहीजणी माझा हात धरतात. एकीने तर तिथल्या तिथे पर्समधून अंगारा काढून माझ्या कपाळाला लावला होता.

आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. दवाखान्यात सगळे सीएमएलच म्हणतात. 2014 साली निदान झालं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, मुलगी बालवाडीत. आता ती अकरावीत आहे. मधल्या सगळ्या काळात रोज रात्री जेवण झालं की इमॅटिनिब 400 मिलिग्रॅमची एक गोळी. केमोची सलाईन नाही, केस गेले नाहीत, ऑपरेशन नाही. म्हणून लोकांना वाटतं, हिचं सोपं आहे. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी बीपीच्या गोळीशी तुलना केली होती, "आम्ही पण रोज घेतोच की." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण रोजच्या गोळीवर जगणं म्हणजे काय, हे एकदा नीट लिहावं असं तेव्हापासून डोक्यात होतं.

आजार कळला तो माझ्याच शिवणामुळे, असं मी म्हणते. वजन उतरत होतं, म्हणून मी माझे ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेत होते. आणि त्याच वेळी परकराची नाडी आवळेना. छाती, दंड, पाठ सगळी मापं कमी होत होती आणि पोटाचं वाढत होतं. तेही डाव्या बाजूला, बरगडीखाली, हाताला काहीतरी घट्ट लागायचं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. रात्री उशी घामाने भिजायची. आमच्या कराडातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, आधी रक्त तपासा. पांढऱ्या पेशी जास्तीत जास्त दहा-अकरा हजार असाव्या लागतात, माझ्या दीड लाखाच्या वर निघाल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पुण्याला पाठवलं.

तिथे कमरेच्या हाडातून सुईने मगज, म्हणजे बोन मॅरो, काढून तपासला. या आजारात मगजाच्या पेशीतली 9 नंबरची आणि 22 नंबरची गुणसूत्रं आपापले तुकडे एकमेकांना देऊन बसतात आणि त्यातून एक नवा, नको असलेला जोड तयार होतो. 1960 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात तो पहिल्यांदा दिसला, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. हे आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. माझा पहिला प्रश्न तोच होता. या जोडातून जे प्रथिन बनतं ते मगजाला पांढऱ्या पेशी बनवत राहा, बनवत राहा असा हुकूम देत सुटतं. शिलाई मशीनच्या मोटरचं पॅडल दाबलेलं अडकावं आणि मशीन धावतच राहावं, तसं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि तो हुकूम थांबवतं. 2001 मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. त्याआधी या आजाराला बहुतेकांची चार-पाच वर्षंच मिळायची. ज्यांच्या सख्ख्या भावंडाचा मगज जुळायचा आणि खर्च झेपायचा, त्यांनाच प्रत्यारोपण.

मला हे औषध परवडलं, त्यामागेही एक लढाई आहे, आणि ती लढणाऱ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. मूळ कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता, भारतात बनणारं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळायचं. कंपनीने इथे पेटंट मागितलं, त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. प्रकरण कितीतरी वर्षं चाललं आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी पेटंट नाकारलं. माझं निदान त्याच्या पुढच्या वर्षीचं. निकाल उलटा लागला असता तर ब्लाउजच्या शिलाईवर आणि ह्यांच्या पगारावर आमचं काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही.

आता गोळीचं सांगते.

पहिल्या महिन्यातच सकाळी डोळ्यांखाली पाणी साचायला लागलं. पापण्या इतक्या जड की डोळे अर्धेच उघडायचे. दहा-साडेदहापर्यंत ते उतरायचं, पण मुलीला शाळेत सोडून मी मशीनवर बसायची वेळ नऊची. सुईत दोरा ओवायला जमायचं नाही. मग हे कामाला जाण्याआधी मला पाच-सात सुयांत वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून गादीच्या तुकड्याला टोचून ठेवून जायचे. लाल, जांभळा, मोरपंखी, चिंतामणी, त्या दिवशी जे ब्लाउज हातात असतील त्याप्रमाणे. मशीनमधला दोराही ओवून ठेवायचे. त्यांनी याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

पायही सुजायचे. डॉक्टर विचारायचे, किती सूज येते? आता सूज शब्दांत किती सांगणार! माझ्याकडे टेप होताच. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत मागच्या पानांवर मी माझंही माप लिहायला लागले. तारीख, सकाळचा घोटा, रात्रीचा घोटा, पोटरी, वजन, आणि त्या दिवशी लोणचं-पापड खाल्लं होतं का. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हे असं लिहून आणलंत तर मला गोळी बदलायची की मीठ कमी करायचं ते नक्की कळतं." मीठ कमी केलं, काही दिवस लघवीतून पाणी काढायची गोळी दिली, डोक्याखाली एक उशी वाढवली. डोळ्यांची सूज पूर्ण कधीच गेली नाही, निम्म्यावर आली. ती वही अजून चालू आहे.

सगळ्यात जास्त त्रास गोळ्यांचा. म्हणजे खायच्या नव्हे, पोटरीत गोळे येतात ते. रात्री दोन-तीनला झोपेतच पाय आखडतो, अंगठा वर ताठतो आणि पोटरीत दगड बसल्यासारखं होतं. हे उठून तळपाय वर दाबून धरतात. पायांचं सहन होतं. हातांना पेटके यायला लागले तेव्हा मात्र मी घाबरले, कारण हातच माझी कमाई आहेत. एकदा एका मुलीच्या लग्नाच्या पैठणीचा ब्लाउजपीस बेतत होते. काठ बाहीवर बरोबर बसवून, मुंडा खुणावून कात्री लावली, आणि निम्म्यावर अंगठा आतल्या बाजूला वळला. कात्री उघडेना, मिटेना. ती मुलगी समोर बसलेली. मी हात तसाच ठेवला, डाव्या हाताने एकेक बोट सोडवलं, कापडाला धक्का लागू दिला नाही. ब्लाउज छान झाला. पण त्या दिवसानंतर बेतायचं काम मी दुपारी करते, सकाळी आणि रात्री कधीच नाही. मोठी लोखंडी कात्री कपाटात ठेवली आणि हलकी घेतली. पायाचं मशीन जाऊन मोटर आली. हुक, काजं, हातशिलाई हे सगळं आता शेजारची एक मुलगी करते, तिला त्याचे पैसे देते. डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस तपासलं. जे कमी होतं ते भरून काढलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. फरक पडला. थांबलं नाही.

आणि थकवा. हा लिहायला अवघड आहे, कारण दिसत नाही. दिवसाला सात-आठ ब्लाउज सहज हातावेगळे करणारी मी आता चारावर थांबते. दुपारी तासभर आडवं झाल्याशिवाय संध्याकाळ निभत नाही. झोपून उठलं की जातो तो थकवा वेगळा. हा अंगात मुरलेला असतो.

गोळी पोटभर जेवणानंतर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायची, नाहीतर मळमळ हमखास. घेतल्यावर लगेच आडवं पडायचं नाही. त्यामुळे माझे उपवास सुटले. नवरात्राचे नऊ दिवस मी लग्नाआधीपासून करायची, हरतालिका निर्जळी करायची. पहिल्या वर्षी मला फार अवघड गेलं. घटस्थापनेच्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी माझं ताट वाढलं. वरण, भात, भाजी, पोळी, सगळं साग्रसंगीत. म्हणाल्या, "तुझे नऊ दिवस मी धरते. तू जेव आणि गोळी घे." त्यांचे स्वतःचे नऊ आणि माझे नऊ एकत्रच, वेगळं काही करायचं नव्हतं. पण त्यांनी देवीपुढे माझं नाव घेऊन दुसरी वात लावली. दरवर्षी लावतात.

खाण्यात आणखी एक गोष्ट कळली ती सांगून ठेवते, कारण ती आपल्याकडे कुणी सांगत नाही. या औषधाच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं असतं. ते फळ आमच्या बाजारात कधी दिसत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. मग औषधाच्या दुकानातल्या ताईंनी विचारलं, "पपनस खाता का?" ह्यांच्या मामांकडून कोकणातून गणपतीत पपनसं येतात. पपनस त्याच जातीचं. यकृतातल्या ज्या रसायनाने औषध हळूहळू मोडतं, तेच हे फळ अडवतं आणि औषध रक्तात वाढू शकतं. डॉक्टरांनीही नको म्हणून सांगितलं. आता पपनस देवापुढे राहतं आणि घरातले बाकीचे खातात.

काढे घेऊन येणाऱ्यांना नाही म्हणणं याहून कठीण. गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस, कुणी कुठल्या गावच्या वैद्याची पुडी. करोनाच्या काळात तर घरोघरी गुळवेल उकळत होती. मी प्रत्येकाला एकच सांगितलं की माझी गोळी यकृतात मोडते, त्यावर दुसरा भार डॉक्टरांना न विचारता मला टाकता येणार नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती. वाद काय व्हायचा तो होवो, ज्याला रोज कॅन्सरची गोळी घ्यायची आहे त्याने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पानसुद्धा चावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाचं अर्धवट राहिलं. मी सावळी. माझी आई सावळी, आजी सावळी. गोळीने आजाराचं प्रथिन अडवलं जातं, त्याबरोबर त्याच घराण्यातलं आणखी एक प्रथिन अडवलं जातं, जे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना लागतं. म्हणून आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांत हा फरक ठळक दिसतो. वर्षभरात माझा चेहरा, हात, गळा फिका पडला. उन्हात दहा मिनिटं उभी राहिले तरी त्वचा लाल होते, म्हणून छत्री आणि लांब बाह्या. आधारकार्डावरच्या फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहणारे लोक भेटतात. मला कोणता रंग शोभतो हे मला पक्कं माहीत होतं, तेच माझं काम. हळदी, गडद हिरवा, कुंकवाचा लाल. आता तो हळदी अंगावर घेतला की मी आजारी दिसते. कपाटातल्या त्या साड्या मी बहिणीला दिल्या. ती अगदी माझ्या आधीच्या रंगाची आहे. ती नेसून आली की मला माझं जुनं रूप दिसतं, आणि ते मला फार आवडायचं हे मला तेव्हा कळलं.

लग्नाच्या वयाच्या मुली गोरेपणाच्या क्रीमसाठी पैसे साठवतात, आणि मला जे कॅन्सरच्या गोळीने झालं त्याचं कौतुक होतं, तेव्हा आत काहीतरी तुटतं. "छान दिसतेस" म्हणणाऱ्या बाईचा दोष नाही. पण माझ्याकडे माप द्यायला आलेली एखादी सावळी पोर आरशात बघून तोंड वाकडं करते, तेव्हा मी तिला हमखास हळदी रंगाचं कापड खांद्यावर टाकून दाखवते.

दुसऱ्या मुलाबद्दल थोडंच लिहिणार आहे. या गोळीवर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, गर्भाला धोका असतो. गोळी थांबवायची तर त्या वेळी आजार ताब्यात आला नव्हता. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, जी आहे तिच्यासाठी मी असायला हवी. आता ते वयही गेलं.

तपासणीच्या दिवशी बाकावर बसलेलं असताना माणसं खरं बोलतात. तिथे भेटलेला एक तरुण शेतकरी मला म्हणाला, "मी एकाआड एक दिवस घेतो. त्रास निम्मा होतो, आणि रिपोर्ट तर चांगलाच आहे." मी त्याला तिथून उठून डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेले. त्याचा राग आला नव्हता, त्याचा त्रास मला ठाऊक होता. रोज जुलाब, शेतात काम, आणि सांगायची लाज. लंडनच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये आमच्याच आजाराच्या रुग्णांवर केलेला अभ्यास आहे. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर दबणं जवळपास दिसलंच नाही. शिवाय आजार परत वाढला तर त्या जोडात असे बदल होऊ शकतात की हीच गोळी पुढे लागू पडत नाही. त्या मुलाला जुलाबाचं औषध मिळालं, गोळीची वेळ बदलली. नाही जमलं तर याच आजारावरच्या दुसऱ्या गोळ्या आहेत, डासाटिनिब आहे, निलोटिनिब आहे. त्यांचेही त्रास आहेत. पहिलीने छातीत पाणी होऊ शकतं, दुसरी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि साखर, रक्तवाहिन्या सांभाळाव्या लागतात. पण निवड आहे. आणि ती डॉक्टरांना तेव्हाच करता येते, जेव्हा आपण तोंड उघडून सांगतो की मला हे हे होतंय.

इथेच मला राग येतो, तोही सांगते. "रिपोर्ट चांगला आहे ना, मग झालं तर!" हे वाक्य मी घरात, दारात, दवाखान्यातही ऐकलंय. रिपोर्ट चांगला आहे याचा मला कुणाहीपेक्षा जास्त आनंद होतो. रक्तातलं त्या जोडाचं प्रमाण टक्क्यांत मोजतात. तीन महिन्यांत 10 च्या खाली, वर्षभरात 0.1 च्या खाली यावं अशी अपेक्षा असते. माझं पहिल्यांदा 0.1 च्या खाली आलं तेव्हा मी एसटी स्टँडवरच रडले होते. त्याच रात्री पोटरीत गोळा आला आणि मी पुन्हा रडले. दोन्ही माझंच आहे. बाईने दुखणं सांगितलं की ती नशिबाला नावं ठेवते असं समजतात, आणि मग बायका सांगणंच बंद करतात. माझ्याबरोबर उपचार घेणाऱ्या कितीतरी जणी घरी सांगत नाहीत. स्वयंपाक, धुणं, सगळं तसंच चालू, आणि रात्री एकटीने भिंतीला पाय लावून गोळा सोडवायचा. त्यांच्यासाठीच हे लिहिलं. घरच्यांनी वाचलं तर फारच बरं.

आता नवीन काय ते. गेली काही वर्षं माझा आकडा 0.01 च्या खाली टिकून आहे. मागच्या भेटीत डॉक्टरांनी पहिल्यांदा विषय काढला की गोळी थांबवून बघायची का? अशा लोकांपैकी साधारण निम्म्यांत आजार परत दिसतो, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी परत सुरू केली की तो जवळजवळ सगळ्यांमध्ये पुन्हा ताब्यात येतो. थांबवल्यावर दर महिन्याला रक्त द्यायचं, एकही महिना चुकवायचा नाही. काहींचे सांधे आणि स्नायू थांबवल्यानंतर काही महिने उलट जास्त दुखतात, तेही त्यांनी आधीच सांगितलं. ह्यांना भीती वाटते. मुलगी म्हणते, कर. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर म्हणतील ते. मी तपासणीचा खर्च लिहून काढलाय आणि पुण्याच्या फेऱ्यांचाही. दिवाळीची आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची शिलाई हातात आहे, त्यात मला कुठलंही नवीन दुखणं नको. ती उरकली की पौषात कामं कमी असतात, तेव्हा थांबवायची असं ठरतंय. मापाच्या वहीत त्यासाठी नवीन पान आखून ठेवलंय. घोटा, पोटरी, वजन, आणि एक रकाना वाढवलाय तो हाताच्या रंगाचा, कारण काहीजणांचा रंग परत येतो असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला की इथे लिहीन. कुणी आधीच गोळी थांबवली असेल तर सांधेदुखीचं काय केलंत ते मला जरूर कळवा.